निळ्या दाताचा राजा आणि त्याची दहा टनांची कोनशिला

भाचीने नवे इअरफोन फोनला जोडले तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. मागच्या दिवाळीत जे मला अर्ध्या तासात जमलं नव्हतं, ते तिने खोकं बाजूला ठेवायच्या आत उरकलं. मग म्हणाली, "मामा, ब्लूटूथ म्हणजे निळा दात ना? याचा दाताशी काय संबंध?" मी रुबाबात सांगितलं, "डेन्मार्कचा एक राजा होता, हाराल्ड नावाचा. त्याने सगळा देश जोडला, म्हणून ते नाव." तिचा पुढचा प्रश्न लगेच तयार होता: "जोडला म्हणजे नेमकं काय केलं?"

इथे माझी गाडी अडली. 'हाराल्डने डेन्मार्क आणि नॉर्वे एकत्र केले' हे वाक्य इंटरनेटवर पावलोपावली भेटतं. पण हे मुळात सांगितलं कुणी, असं विचारत मागे गेलं की धागा एका दगडापाशी येऊन थांबतो. आणि तो दगड उभा केलाय खुद्द हाराल्डने! आपल्याकडे पुलाच्या कठड्याला कोनशिला बसवलेली असते. तिच्यावर 'यांच्या शुभहस्ते' कुणाच्या ते ठळक असतं. पूल पूर्ण झाला की अर्धवट राहिला, पैसे कुणाचे गेले, हे कधीच नसतं. हाराल्डचा दगड त्याच जातकुळीतला. तेव्हा त्याची गोष्ट सांगायची तर कोनशिलेवरचा मजकूर आणि प्रत्यक्ष जमिनीवरचं काम ताडून पाहत सांगावी लागते.

## आधी फोनमधलं नाव उरकू

१९९४ मध्ये स्वीडनच्या लुंड शहरात एरिक्सन कंपनीतले इंजिनिअर फोन आणि त्याच्या उपकरणांमधली वायर काढून टाकायच्या खटपटीला लागले. पुढे इंटेल, नोकिया, आयबीएम, तोशिबा याही कंपन्या आल्या. सगळ्यांनी मिळून एकच पद्धत ठरवायची होती, आणि बोलताना तिला काहीतरी म्हणायला हवं होतं. इंटेलचे जिम कार्डाक त्या सुमारास वायकिंगांवरची एक कादंबरी वाचत होते. त्यांनी १९९७ मध्ये 'ब्लूटूथ' सुचवलं: राजाने माणसं जोडली, आपण यंत्रं जोडतोय. नाव फक्त कामापुरतं होतं. खरं नाव म्हणून 'रेडिओवायर' आणि 'पॅन' ही दोन विचारात होती. पहिल्याच्या ट्रेडमार्कची तपासणी वेळेत होईना, दुसरं आधीच हजारो ठिकाणी वापरलेलं निघालं. १९९८ मध्ये जाहीर करायची वेळ आली तेव्हा हाताशी तात्पुरतं नावच उरलं होतं. बारशाआधी बाळाला 'बाळ्या' म्हणावं आणि शाळेच्या दाखल्यावरही तेच चढावं, तसं झालं.

फोनवरची ती खूण म्हणजे त्या राजाच्या नावाची आद्याक्षरं. 'हाराल्ड' मधला ह आणि 'ब्लूटूथ' मधला ब ही रून लिपीतली दोन अक्षरं एकमेकांवर ठेवली की ती खूण तयार होते. रून ही तिकडच्या लोकांची जुनी लिपी. लाकडात आणि दगडात कोरायची म्हणून तिच्यात सरळ आणि तिरप्या रेघाच जास्त.

## दात खरंच निळा होता का?

हाराल्डच्या हयातीतल्या कुठल्याच लेखात 'निळा दात' सापडत नाही. हे टोपणनाव पहिल्यांदा दिसतं ते ११४० च्या आसपास डेन्मार्कातल्या रोस्किल्ड गावी लिहिलेल्या एका इतिवृत्तात, म्हणजे तो मेल्यानंतर दीडशे वर्षांनी. किडून काळपटलेला दात असावा, हा सर्वसाधारण अंदाज. त्या काळच्या भाषेत 'ब्लो' हा शब्द निळ्यासाठी जसा चाले तसाच काळ्यासावळ्यासाठीही चाले. मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. आपण एकाच देवाला एका दमात सावळाही म्हणतो आणि घननीळही, आणि कुणाला त्यात विसंगती वाटत नाही.

हयातीतलं एक टोपणनाव मात्र दगडावर आहे. त्याच्या बायकांपैकी एक, तोवे, ही बाल्टिक किनाऱ्यावरच्या स्लाव्ह राजाची मुलगी. तिने आपल्या आईच्या स्मरणार्थ कोरून घेतलेल्या शिळेवर नवऱ्याचा उल्लेख 'भला हाराल्ड, गोर्मचा मुलगा' असा येतो. बायकोने भला म्हटलं आणि जगाने दातावरून ओळखलं.

## तेव्हाचा डेन्मार्क म्हणजे काय

नकाशा डोळ्यांपुढे आणा. जर्मनीच्या डोक्यावर उत्तरेकडे निघालेला एक लांबट भूभाग, तो जटलंड. त्याच्या पूर्वेला बेटं, त्यांत फ्यून आणि झीलंड मोठी. त्यापलीकडे स्कोने, जे आज स्वीडनमध्ये आहे. जटलंडच्या मुळाशी, आज जर्मनीत असलेलं हेडेबी हे व्यापारी बंदर. जमीन तुकड्यातुकड्यांत आणि मध्ये सगळीकडे पाणी. प्रत्येक तुकड्यावर कुणी ना कुणी सरदार, ज्याच्याकडे जहाजं आणि जेवू घातलेली माणसं आहेत तो.

अशा जागी 'राजा' म्हणजे सीमा आखलेल्या देशाचा मालक नव्हे. जोवर लुटीतला किंवा व्यापारातला वाटा माणसांना मिळतोय तोवर ती त्याची. 'वायकिंग' हीसुद्धा जात किंवा देश नाही. समुद्रावर स्वारीला जाणं हे काम. घरी परतला की तोच माणूस शेतकरी. (शिंगांचं शिरस्त्राण विसरा. ते एकोणिसाव्या शतकातल्या ऑपेराच्या कपडेपटातून आलंय.)

हाराल्डचा बाप गोर्म, आई थ्यूरा. त्यांचं ठाणं जटलंडमधलं येलिंग. दक्षिणेला शेजारी कोण, तर जर्मनीचा ओट्टो पहिला, ज्याने ९६२ मध्ये रोममध्ये सम्राटपदाचा मुकुट घातला. लहान दुकानाशेजारी मोठा मॉल उभा राहावा, तसा हा शेजार.

## दगडावर काय लिहिलंय

येलिंगच्या चर्चसमोर दोन दगड आहेत. लहान दगड गोर्मने बायकोसाठी उभा केला. त्यावर तिला 'डेन्मार्कचं भूषण' म्हटलंय. 'डेन्मार्क' हे नाव खुद्द डेन्मार्कात कोरलेलं पहिल्यांदा दिसतं ते इथे. दुसरा दगड हाराल्डचा: सुमारे अडीच मीटर उंच, दहा टन वजनाचा, तीन बाजूंचा. मजकूर असा:

'हाराल्ड राजाने हे स्मारक करविले, गोर्म या आपल्या बापासाठी आणि थ्यूरा या आपल्या आईसाठी. तोच हाराल्ड ज्याने अवघा डेन्मार्क जिंकला आणि नॉर्वे, आणि डेन लोकांना ख्रिस्ती केले.'

'करविले' हा शब्द मी मुद्दाम वापरला. श्रवणबेळगोळचं 'श्रीचावुंडराजें करवियलें' आपण शाळेत घोकलेलं असतं. त्या लेखाच्या काळाबद्दल वाद आहेत, पण ती गोमटेश्वराची मूर्ती हाराल्डच्याच काळातली, ९८० नंतरच्या दोन-चार वर्षांतली. हजारो मैलांवरचे दोन सत्ताधारी दगडावर तेच क्रियापद घालत होते. घडवणारा वेगळा, घडवून घेणारा वेगळा, आणि नाव घडवून घेणाऱ्याचं.

आता दगडाभोवती फिरा. पहिल्या बाजूवर आडव्या ओळींत जवळजवळ सगळा मजकूर आहे. इतर रून दगडांवर अक्षरं सापासारखी वळत जातात. इथे ती लॅटिन पोथीच्या पानासारखी ओळीत मांडलीत. ही बाजू 'डेन्मार्क जिंकला' इथे संपते. 'अवघा' हा शब्द वळून दुसऱ्या बाजूवर जातो! तिथे वर एक मोठा पशू सापाशी झुंजतोय आणि खाली एका ओळीत 'अवघा आणि नॉर्वे'. तिसऱ्या बाजूवर वेलींत गुंतलेला, हात पसरलेला ख्रिस्त, आणि त्याच्या पायाशी 'आणि डेन लोकांना ख्रिस्ती केले'. मजकूर ज्याचा, चित्र त्याच्याच वर. स्कँडिनेव्हियातलं ख्रिस्ताचं इतकं जुनं मोठं चित्र दुसरं नाही. आजच्या डॅनिश पासपोर्टातही ते आहे. मूळ दगड रंगवलेला असावा, असं जाणकार मानतात. आज दिसणारा राखाडी गंभीरपणा बाजूला सारून भडक रंगांची कल्पना करा, मग तो कोनशिलेपेक्षा फ्लेक्सच्या जवळ जातो.

२०२३ मध्ये या दगडाबद्दल एक नवी गोष्ट पुढे आली. छिन्नीचा प्रत्येक घाव किती खोल, किती तिरका, हे त्रिमितीय स्कॅन करून मोजलं गेलं. बँकेत सही जुळवतात तसं हे. निष्कर्ष असा की राउनुंगे-टुए नावाच्या ज्या कारागिराने आणखी एका शिळेवर आपलं नाव कोरलंय, त्याचाच हात येलिंगच्या मोठ्या दगडावर आहे. त्याच्याशी जोडलेल्या दोन शिळांवर थ्यूरा हे नाव येतं. ती हीच राणी असेल, तर तिचा उल्लेख एकूण चार शिळांवर होतो. त्या काळातल्या डेन्मार्कात इतक्या शिळा ना तिच्या नवऱ्याच्या वाट्याला आल्या, ना मुलाच्या. हाराल्डचा गादीवरचा हक्क बापापेक्षा आईच्या घराण्याकडून भक्कम होत असावा, असं आता गांभीर्याने म्हटलं जातं.

## लिहिलंय म्हणजे खरंच असेल ना?

तीन दावे आहेत, आणि तिघांचं वजन सारखं नाही.

नॉर्वेचा सगळ्यात हलका. ९७० च्या सुमारास तिथला राजा मारला गेला आणि हाकोन नावाचा सरदार हाराल्डचा मांडलिक म्हणून कारभार पाहू लागला. ओस्लोच्या खाडीभोवतीचा मुलूख हाराल्डच्या थेट वजनाखाली असावा. बाकी हाकोन मानेल तोवर. आणि तो फार काळ मानत राहिला नाही.

डेन्मार्कचा दावा बराच भक्कम. मात्र त्याला आधार दगडाने दिलेला नाही, जमिनीखालून निघालेल्या लाकडाने दिलाय. त्याकडे येतोच.

'डेन लोकांना ख्रिस्ती केले' हा दावा सगळ्यांत गमतीदार.

## पाद्र्याचं अग्निदिव्य

विडुकिंट नावाचा एक जर्मन संन्यासी ९६८ च्या आसपास, म्हणजे घटनेनंतर थोड्याच वर्षांत, अशी हकीकत लिहितो. हाराल्डच्या मेजवानीत वाद निघाला: ख्रिस्त देव खरा, पण आमचे देव त्याहून थोर, असं डेन म्हणत होते. पोप्पो नावाचा धर्मगुरू म्हणाला, देव एकच, बाकी भुतं. हाराल्डने विचारलं, सिद्ध करशील? दुसऱ्या दिवशी लोखंडाचा जड तुकडा लाल तापवला गेला. पोप्पोने तो हातात धरून राजा म्हणेल तोवर नेला आणि मग हात दाखवला. हाताला काही झालं नव्हतं. राजाने नवा देव मान्य केला.

याला मराठीत नेमका शब्द आहे, दिव्य. आपल्याकडेही वतनाच्या भांडणांत उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढायचं रवादिव्य होत असे आणि त्यावर निवाडे लिहिले जात. तेव्हा पोप्पोची गोष्ट ऐकून हसायचं कारण नाही. साक्षीपुरावा संपला की देवाला साक्षीला बोलावणं ही तेव्हाच्या न्यायाची रीत होती.

हात खरंच भाजला नाही का, हा प्रश्न सोडून देऊ. जास्त कामाचा प्रश्न हा: राजाने तेव्हाच, ९६५ च्या सुमारास, धर्म का बदलला? जर्मनीच्या सम्राटाला मूर्तिपूजक शेजाऱ्यावर चालून जायला धर्मप्रसार हे आयतं निमित्त होतं. ९४८ मध्येच हेडेबी, रीबे आणि ऑरहूस या डॅनिश गावांच्या नावाने जर्मन बिशप नेमले गेले होते. शेजाऱ्याने तुमच्या जागेवर आपल्या नावाची पाटी लावावी, तसंच हे. हाराल्डने स्वतःच बाप्तिस्मा घेतला आणि ते निमित्त काढून घेतलं. एका देवाबरोबर लिहिणारे पाद्री आले, आणि एक देव एक राजा ही सोयीची कल्पनाही आली. शंभर वर्षांनी ब्रेमेनचा आडाम नावाचा पाद्री लिहितो की ओट्टोने लढाईत हरवून हाराल्डला ख्रिस्ती केलं. जवळच्या काळातल्या विडुकिंटला मात्र अशी लढाई ठाऊकच नाही. मी इथे विडुकिंटच्या बाजूचा आहे. आपल्या सम्राटाने जिंकलेली लढाई एक जर्मन लिहायला विसरेल, हे पटत नाही.

## मग प्रजा खरंच ख्रिस्ती झाली का?

हाराल्डच्याच काळातल्या फ्यूर्कात या किल्ल्याशेजारी एका स्त्रीची कबर निघाली. तिला घोडागाडीच्या साट्यात निजवलं होतं. पायाच्या बोटांत चांदीची जोडवी होती, जी त्या मुलखात सहसा कुणी घालत नसे. जवळ धातूची एक कांडी आणि खुरासानी ओव्याच्या बिया. या बिया जाळल्या की धुराने भ्रम होतो. ती जुन्या देवांच्या वाटेने भविष्य सांगणारी बाई असावी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे प्रजेला ख्रिस्ती केल्याचं दगडावर कोरणाऱ्या राजाच्या किल्ल्यावर ही बाई मानाने पुरली गेली.

कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्याच शतकातला कारागिराचा एक दगडी साचा आहे. त्यात क्रूस ओतायची जागा आहे आणि थॉर या जुन्या देवाचा हातोडा ओतायचीही. गिऱ्हाईक येईल तसं. त्या काळाचं याहून प्रामाणिक वर्णन मला सापडलेलं नाही.

## आईवडिलांना कुठे पुरलं?

येलिंगला दोन प्रचंड टेकाडं आहेत. उत्तरेकडच्या टेकाडात लाकडी कबर आहे. तिची लाकडं ९५८-५९ च्या हिवाळ्यात तोडलेली. बहुधा गोर्मच्या मृत्यूचं आणि म्हणून हाराल्डच्या राज्यारोहणाचं हेच वर्ष. पण १८२० मध्ये ती उघडली तेव्हा आत माणूस नव्हता. दक्षिणेकडच्या टेकाडात तर कबरच निघाली नाही.

मग १९७० च्या दशकाच्या शेवटी चर्चच्या जमिनीखाली एका प्रौढ पुरुषाची हाडं निघाली. ती अस्ताव्यस्त होती, म्हणजे दुसरीकडून आणून ठेवलेली, आणि सोबत सोन्याच्या जरीचे धागे होते. मूर्तिपूजक बापाला हाराल्डने टेकाडातून काढून चर्चमध्ये आणलं, असा अर्थ बरेच जण लावतात. खात्रीचा पुरावा नाही. २००० साली राणी मार्गरेट यांच्या उपस्थितीत ती हाडं पुन्हा चर्चखाली ठेवली गेली. या सगळ्या परिसराभोवती हाराल्डने सुमारे साडेबारा हेक्टरांचं लाकडी कुंपण घातलं होतं. तीस एकरांचा वाडा म्हणा.

## लाकडाला वर्ष कसं विचारतात?

वर कबरीच्या लाकडांचं वर्ष मी सांगून टाकलं. ते कुठून येतं हे कळल्याशिवाय पुढचं पटणार नाही.

झाड दरवर्षी बुंध्यात एक वर्तुळ वाढवतं. चांगल्या वर्षी रुंद, वाईट वर्षी अरुंद. आपल्या आजीला जसं 'बहात्तरचा दुष्काळ' म्हटलं की वर्ष सांगावं लागत नाही, तसं एका मुलखातल्या सगळ्या ओक झाडांना तीच वाईट वर्षं आठवतात. आजच्या झाडापासून सुरुवात करायची. त्याची जुनी वर्तुळं शेदोनशे वर्षांपूर्वीच्या घराच्या तुळईशी जुळवायची, तुळईची त्याहून जुन्या लाकडाशी. असं मागे मागे जात हजार वर्षांची साखळी तयार होते. सालीलगतचं शेवटचं वर्तुळ शाबूत असेल तर झाड कोणत्या वर्षी तोडलं ते कळतं, कधी ऋतूही. संन्यासी खोटं लिहू शकतो. लाकडाला ती सोय नाही.

या लाकडांनी काय सांगितलं? दक्षिणेकडच्या सीमेवरच्या डानेविर्के या तटबंदीचा नवा भाग ९६८ चा. येलिंगच्या दक्षिणेला दलदलीवर राउनिंग एंगे इथे पूल होता: सुमारे ७६० मीटर लांब, ५ मीटर रुंद, ९८० च्या आसपासचा. आणि झीलंडवरचा ट्रेलेबोर्ग हा किल्ला ९८०-८१ च्या हिवाळ्यात तोडलेल्या लाकडांचा.

ट्रेलेबोर्ग आकाशातून पाहिला तर कंपासने काढल्यासारखा गोल दिसतो. आतला व्यास १३६ मीटर. चार दिशांना चार दारं, मधोमध काटकोनात छेदणारे दोन रस्ते, चार भागांत चार-चार अशी सोळा एकसारखी लांब घरं. आणि असा हा एकटा नाही. जटलंडमध्ये फ्यूर्कात आणि २४० मीटर व्यासाचा आगर्सबोर्ग, फ्यूनवर नोनेबाकेन, झीलंडवर आणखी एक बोर्गरिंग, जो २०१४ मध्ये पुन्हा उजेडात आला. पाचही किल्ले २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. वेगवेगळ्या बेटांवर एकाच नकाशाचे किल्ले एकाच सुमारास उभे राहतात, याचा अर्थ हुकूम एकाच जागेवरून सुटत होता आणि मानलाही जात होता. 'अवघा डेन्मार्क' या दाव्याला हा खरा पुरावा.

## हे किल्ले इंग्लंडवर स्वारीसाठी होते ना?

जुन्या पुस्तकांत तसंच आहे. हाराल्डचा मुलगा स्वेन याने १०१३ मध्ये इंग्लंड जिंकलं. त्याच्या फौजेच्या या छावण्या, असं बरीच वर्षं मानलं जाई. लाकडांची वर्षं हाती आली आणि तीस वर्षांच्या फरकाने तो तर्क बाद झाला. शिवाय तिथे बायका-मुलांच्या कबरी निघाल्या. नुसत्या बराकी असत्या तर त्या नसत्या.

किल्ल्यात राहत कोण होतं, याचं उत्तर चक्क दातांनी दिलंय. लहानपणी आपण जे पाणी पितो, जे धान्य खातो, त्यातला स्ट्रॉन्शियम हा धातू दातांच्या वरच्या थरात बसतो आणि मग आयुष्यभर बदलत नाही. प्रत्येक मुलखातल्या खडकानुसार त्याचं प्रमाण वेगळं. दात म्हणजे जन्मगावाचा दाखला. ट्रेलेबोर्गच्या कबरींतले दात तपासले तर पुरलेल्यांपैकी बरेच तरुण डेन्मार्कचे नव्हतेच. नॉर्वेकडून, बाल्टिकच्या दक्षिण किनाऱ्यावरून आलेले असावेत.

स्थानिक सरदारांवर भिस्त न ठेवता राजाने बाहेरची पगारी माणसं आणली होती. कशासाठी? ९७४ मध्ये सम्राट ओट्टो दुसरा याने हाराल्डला सीमेवर हरवलं होतं, तेव्हा दक्षिणेची धास्ती खरी होती. पण आगर्सबोर्ग आणि फ्यूर्कात सीमेपासून कितीतरी दूर, उत्तरेला आहेत. तिथे जर्मन फौज पोचेपर्यंत राज्यच उरलं नसतं. मला तरी वाटतं, हे किल्ले शत्रूइतकेच आपल्याच सरदारांवर नजर ठेवायला होते.

## पैसा कुठून आला, आणि कुठे अडला

त्या काळी उत्तरेतली चांदी बरीचशी अरब नाण्यांच्या रूपात, रशियातल्या नद्यांच्या वाटेने येई. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा ओघ आटत गेला. हाराल्डने ९७५ नंतर स्वतःची नाणी पाडली: पातळ, हलकी, वर क्रूस. बाल्टिकमधल्या र्‍यूगेन बेटावर २०१८ मध्ये एका हौशी संशोधकाला आणि १३ वर्षांच्या मुलाला चांदीचा एक तुकडा मिळाला. पुढे सुमारे ६०० नाण्यांचा साठा निघाला. शंभराहून जास्त नाणी हाराल्डच्या काळची, सगळ्यांत जुनं दमास्कसचं ७१४ मधलं दिरहम, सगळ्यांत नवं ९८३ चं. कुणीतरी घाईने पुरलं आणि परत आलं नाही.

आता हिशोब मांडा. भली मोठी कुंपणं, पूल, तटबंदी, पाच किल्ले, त्यांत पगारी माणसं, आणि हे बरंचसं पंधरा-वीस वर्षांत. ओकची झाडं कुणाच्या तरी रानातली, ओढणारे बैल कुणाच्या तरी गोठ्यातले, बेगार कुणाची तरी. ९८३ मध्ये सम्राटाच्या राज्यात गडबड उडाली आणि हाराल्डने सीमेवरचा गमावलेला मुलूख परत घेतला. बाहेरचा धोका ओसरला, घरातला खर्च तसाच राहिला. तीन-चार वर्षांत पोटच्या मुलाने, स्वेनने, बंड केलं.

## स्वेन जुन्या देवांसाठी उठला होता का?

ब्रेमेनचा आडाम तसंच सांगतो: धर्मनिष्ठ बाप, पाखंडी मुलगा. पण आडामचं ताट कुणाच्या पंगतीतलं ते पाहा. हाराल्डने जर्मन चर्चशी जुळवून घेतलं. स्वेनने पुढे आपले धर्मगुरू इंग्लंडहून आणले. ब्रेमेनच्या जर्मन चर्चच्या हातून डेन्मार्क निसटला, हा आडामचा खरा राग. स्वेनने पाडलेल्या नाण्यांवरही क्रूस आहे, आणि बापाने कधी घातलं नव्हतं ते स्वतःचं नावही आहे. बंड देवांवरून झालं असेल असं मला वाटत नाही. बेगारीवरून आणि वाट्यावरून झालं असेल, हे सहज पटतं.

हाराल्ड जखमी होऊन पळाला आणि बाल्टिकच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या, आज पोलंडमध्ये असलेल्या वोलिनला, स्लाव्ह लोकांच्या आश्रयाला गेला. तिथेच ९८६-८७ च्या सुमारास, आडामच्या म्हणण्यानुसार १ नोव्हेंबरला, मेला. दोनशे वर्षांनी लिहिणारा डॅनिश इतिहासकार साक्सो आणखी एक तपशील देतो: राजा झुडपाआड शौचाला बसलेला असताना टोके नावाच्या माणसाने त्याला बाण मारला. खरं-खोटं ठाऊक नाही, पण शत्रूने गोष्ट रचायची ठरवली की ती अशीच रचतो.

## मग तो आहे कुठे?

आडाम म्हणतो, शव त्याच्या माणसांनी रोस्किल्डला आणून त्याने बांधलेल्या चर्चमध्ये पुरलं. त्या जागी आज मोठं कॅथेड्रल आहे, तिथल्या एका खांबावर हाराल्डचं चित्र आहे, पण त्याचं एकही हाड नाही. अलीकडे पोलंडमधल्या वियेकोवो या खेड्यातल्या चर्चखाली तो आहे असा दावा पुढे आला आणि त्यावर वादही झडले. खणून कुणी काही दाखवलेलं नाही. सोन्याची एक चकती पुरावा म्हणून पुढे केली जाते, आणि त्या चकतीच्या अस्सलपणाबद्दलच मतभेद आहेत.

राउनिंगचा पूल पाचसहा वर्षांत बिनवापराचा झाला असावा, कारण त्याच्या खांबांवर दुरुस्तीची खूण सापडत नाही. किल्लेही कुणी पुन्हा वसवले नाहीत. ट्रेलेबोर्गची घरं जिथे होती तिथे आज गवतात खांबांच्या खड्ड्यांच्या खुणा आहेत. येलिंगचा दगड तेवढा जागेवर राहिला. २०११ मध्ये एका पोराने त्यावर हिरवा स्प्रे मारला. रंग निघाला, आणि त्याच वर्षी दगडाभोवती काचेची पेटी बसवली गेली.

भाचीला मी हे सगळं फोनवर सांगत होतो. पुलापर्यंत आलो आणि तिच्या इअरफोनची बॅटरी संपली.